एक-शून्यचा पराभव कायम करण्याबाबत

विजयाला कारण लागत नाही. जिंकलेला संघ घरी जातो, गरम पाण्याने अंघोळ करतो आणि झोपतो. पराभवाचं तसं नाही. पराभवाला कारण लागतं, ते लेखी लागतं आणि शक्यतो सभेला गैरहजर असलेल्या माणसाचं लागतं. जगातले सगळे सुसंस्कृत समाज हे मानतात. पण १९९६ सालच्या हिवाळ्यात क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या मराठी मंडळींनी या तत्त्वाची जशी शिस्तशीर अंमलबजावणी केली, तशी फार थोड्या ठिकाणी झाली असेल.

प्रकरण तिथल्या एका कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाचं होतं. (न्यूझीलंडमध्ये हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. त्यामुळे मुलगी तेराव्या वर्षी कॉलेजात गेली, असं पुण्याला खरं खरं कळवता येतं.) संघात अकरा मुली. त्यांतली मराठी एक, अनुया, वय पंधरा, गोलकीपर. म्हणजे संघातलं मराठी प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास. प्रेक्षक साधारण अठ्ठावीस, त्यांत मराठी तेवीस, म्हणजे ब्याऐंशी टक्के. (उरलेल्या पाचांत एक कुत्रा होता, पण तो नियमित येत असे.) प्रेक्षकांत आपलं बहुमत असल्यामुळे संघही आपलाच आहे, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. उरलेल्या दहा मुलींची नावं मंडळींना शेवटपर्यंत नीट कळली नाहीत. पण त्यांचं मनोबल वाढवण्यात कोणी कसूर केली नाही.

ही मंडळी म्हणजे बहुतेक डॉक्टर, नर्स, औषधवाले. आठवडाभर दुसऱ्यांच्या रक्तदाबाकडे लक्ष द्यायचं आणि शनिवारी सकाळी मैदानावर येऊन स्वतःचा वाढवायचा, असा क्रम होता. त्यांचं मंडळ रीतसर होतं. अध्यक्ष डॉ. जगदीश, हे भूलतज्ज्ञ. खजिनदार आशालताताई, वॉर्डातल्या सिनिअर नर्स. चित्रीकरणप्रमुख दीनानाथ, एक्स-रे विभागात. आणि चिटणीस अनिरुद्ध, म्हणजे अनुयाचे वडील, हॉस्पिटलात फार्मसिस्ट. चिटणीस म्हणून त्याला निवडलं तेव्हा एकच पात्रता पाहिली होती. त्याचं अक्षर वाचता येत असे, आणि त्या सभेत हा गुण आणखी कोणाकडे नव्हता.

जुलैच्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीच्या, तिसऱ्या शनिवारी संघ एक-शून्य असा हरला. सामना संपायला चार मिनिटं होती. दक्षिणेचा बोचरा वारा सुटला होता, भुरभुर पाऊस होता, आणि चेंडू अनुयाच्या उजव्या हाताकडून अगदी निवांत आत गेला. निवांत म्हणण्याचं कारण असं की त्या क्षणी अनुया चेंडूकडे बघतच नव्हती. ती मागे वळली होती.

सामना संपल्यावर कोच ब्रॉनविन तिच्याजवळ गेली. ब्रॉनविन ही कॉलेजची खेळाची शिक्षिका, ऐन जुलैत अर्ध्या चड्डीत फिरणारी. तिने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड देअर, अनुया?"

"सन वॉज इन माय आइज," अनुया म्हणाली.

ब्रॉनविनने वर पाहिलं. आभाळ धुण्याच्या पाण्यासारखं गढूळ होतं. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

सोमवारी संध्याकाळी जेवताना अनुयाने सांगितलं की ऑगस्टअखेर टूर्नामेंट वीक, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या स्पर्धांचा आठवडा आहे, त्यात गोलमध्ये बहुधा दुसरी मुलगी उभी राहील. "ब्रॉनविन सेज शी नीड्स समवन हू स्टेज अवेक." एवढं बोलून तिने ताट सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीत गेली. मागच्या वर्षभरात ही मुलगी रोज पहाटे उठून गॅरेजच्या दारावर चेंडू मारत होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी दोनदा तक्रार केली आणि तिसऱ्यांदा हौसेने हातमोजे विणून दिले. तिला टूर्नामेंट वीकशिवाय दुसरं काही नको होतं.

अनिरुद्धचा घास हातातच राहिला. कारण अनुया मागे का वळली, हे त्याला माहीत होतं. तिला हाक मारली होती. हाक त्यानेच मारली होती. मध्यंतरापासून तो गोलच्या मागे पुण्याहून आलेली तपकिरी कानटोपी हातात घेऊन उभा होता, पोरीचे कान थंडीने लाल झालेले बघत होता, आणि शेवटच्या चार मिनिटांत त्याच्यातल्या बापाला ते सहन झालं नाही. "अनुया, कानटोपी घाल!" असं तो पोटातून ओरडला. आणि वडीलधाऱ्या माणसाने हाक मारली की तोंड फिरवून बघायचं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

"तू जाऊन सांग ना ब्रॉनविनला," नीलिमा म्हणाली. नीलिमा त्याची बायको, हॉस्पिटलात नर्स. "दोन मिनिटांचं काम आहे."

"असं कसं सांगणार?" अनिरुद्ध म्हणाला. "मंडळाने चौकशी समिती नेमली आहे. मी चिटणीस आहे. समितीच्या डोक्यावरून मी परस्पर कसा जाऊ?"

नीलिमाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती वॉर्डात औषध घेतलं म्हणून सांगून उशीखाली गोळी लपवणाऱ्या पेशंटकडे बघते.

समिती खरोखरच नेमली गेली होती. नेमकं झालं काय याचा निःपक्षपाती शोध घ्यावा म्हणून तिच्यात तेवीसच्या तेवीस प्रेक्षकांना घेण्यात आलं, म्हणजे कोणावर अन्याय व्हायला नको. पहिली सभा डॉक्टर जगदीशांच्या घरी भरली. गणपूर्तीला बारा जण हवे होते, आले नऊ. तेव्हा घटनेप्रमाणे सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली, तिला गणपूर्तीची गरज नव्हती. हा नियम ज्याने कोणी शोधला, त्याला मनुष्यस्वभावाची खोल जाण असली पाहिजे. मधल्या अर्ध्या तासात आशालताताईंची साबुदाण्याची खिचडी खाता खाता रेफ्री, हवामान, सिटी कौन्सिल, इंग्लंडमधून आलेल्या लोकांचा खेळावरचा कब्जा आणि आजची पिढी या सर्व विषयांवर जोरदार चर्चा झाली. मग सभा पुन्हा सुरू झाली आणि सगळे गप्प बसले.

त्या शांततेत दीनानाथने कॅसेट लावली. त्याने नवा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि सबंध सामना प्रेक्षकांच्या मागे उभं राहून टिपला होता. पडद्यावर शेवटची चार मिनिटं आली. चित्र हलत होतं, पण आवाज अगदी स्वच्छ होता. आधी डॉक्टर जगदीशांचा: "पुढे ये, अनुया, पुढे!" मग आशालताताईंचा: "मागे हो गं, मागे!" मग एकाच वेळी आठ-दहा जणांचा, त्यातलं "खाली वाक" आणि "उडी मार" एवढंच कळत होतं. आणि या सगळ्यांच्या वर, तुतारीसारखा, अनिरुद्धचा: "अनुया, कानटोपी घाल! कान बघ किती लाल झालेत!" पडद्यावरची छोटी मुलगी वळली. तिचे ओठ हलले. ती "हो बाबा" म्हणाली, हे ऐकू आलं नाही तरी सगळ्यांना दिसलं. तिच्या पाठीमागून चेंडू आत गेला.

खिचडीतला चमचासुद्धा वाजला नाही.

"दीनानाथ," डॉक्टर जगदीश शांतपणे म्हणाले, "आवाज बंद करा. आवाजाने विश्लेषणात अडथळा येतो."

त्यानंतर ती चार मिनिटं आवाज बंद करून चौदा वेळा पाहण्यात आली. अनिरुद्ध इतिवृत्त लिहीत होता. सबंध वेळ कानापर्यंत लाल होऊन तो लिहीतच राहिला. एकदा त्याने तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात आशालताताईंनी त्याच्या ताटलीत आणखी खिचडी वाढली, आणि तोंडात खिचडी असताना कबुली देणं बरं दिसत नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत समितीच्या पाच सभा झाल्या. त्यांतल्या चार तहकूब होऊन पुन्हा भरल्या. दोन उपसमित्या नेमल्या गेल्या. पहिली मैदानाच्या उतारावर. (मैदान सपाट आहे असं कौन्सिलचं म्हणणं पडलं; पण ते त्यांनी लेखी दिलेलं नाही.) दुसरी सूर्यावर, कारण स्वतः गोलकीपरने सूर्याचं नाव घेतलं होतं आणि साक्ष प्रत्यक्षदर्शी होती. दीनानाथने त्या दिवशीच्या हवामानाची माहिती फोन करून मिळवली. ती "ढगाळ, दक्षिणेचा वारा, तुरळक पाऊस" अशी होती. उपसमितीचा निष्कर्ष मुळातून वाचण्यासारखा आहे: "त्या दिवशी सूर्य कोणालाही दिसला नसल्याने तो नेमका कुठे होता हे सांगता येत नाही; आणि म्हणूनच तो गोलकीपरच्या डोळ्यांत नव्हता, असंही खात्रीने म्हणता येत नाही."

अहवालात पराभवाची एकूण चौदा कारणं निश्चित झाली. सगळी इथे देण्याचं प्रयोजन नाही. पण चौथं कारण प्रतिपक्षाच्या मुलींची उंची हे होतं. सातवं, या देशात मुलांकडून लहानपणी पाढे पाठ करून घेत नाहीत, त्यामुळे एकाग्रता येत नाही. नववं, संत्री. (मध्यंतरात मुलींना संत्र्याच्या फोडी देतात. ऐन थंडीत आंबट! यावर आशालताताई पंचवीस मिनिटं बोलल्या आणि त्यांना कोणीही थांबवू शकलं नाही.) अकराव्या कारणात गोलच्या खांबांमधलं अंतर गरजेपेक्षा जास्त असल्याचं मत होतं. आणि चौदावं कारण, एका ओळीत, असं होतं: "उरलेल्या दहा मुली."

तेवीस सभासदांकडून एक छापील प्रश्नावलीही भरून घेतली होती, तिच्याकडे शेवटी येऊच.

इकडे घरात अनुया रोज सकाळी उठत होती, पण गॅरेजच्या दारावर चेंडू वाजत नव्हता. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून नीलिमाला विचारलं, मुलगी आजारी आहे का. अनिरुद्ध ते ऐकून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसून राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, अगदी सरळ सरळ लाज. आपल्या एका हाकेने गोल झाला याची नाही. हाक कोणीही मारली असती. पोरीने सूर्यावर ढकललं आणि आपण सूर्याची उपसमिती नेमली, याची.

शेवटच्या सभेत त्याने धीर केला. विषयपत्रिकेच्या तळाशी नेहमीप्रमाणे "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" असं होतं. अनिरुद्ध उभा राहिला. "डॉक्टर, मला पंधरावं कारण नोंदवायचं आहे. मी हाक मारली, म्हणून ती वळली. कॅसेटमध्ये आहे. सगळ्यांनी ऐकलं आहे."

डॉक्टर जगदीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते मनाने वाईट नव्हते. हजारो माणसांना त्यांनी दुखू न देता झोपवलं होतं. "अनिरुद्ध," ते म्हणाले, "तू बाप आहेस, तुला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण उद्या असं एकेकाने उठून म्हणायला सुरुवात केली, तर समितीत राहील कोण?"

"मला परवानगी हवी आहे."

"बरं. सूचक अनिरुद्ध," डॉक्टर म्हणाले. "अनुमोदक?"

अनिरुद्धने सगळीकडे पाहिलं. आशालताताई डब्यांची झाकणं जुळवत होत्या. दीनानाथ कॅमेऱ्याच्या बॅटरीकडे टक लावून पाहत होता. "पुढे ये" म्हणणारे, "मागे हो" म्हणणारे, "खाली वाक" म्हणणारे सगळे हजर होते. गणपूर्ती त्या दिवशी प्रथमच झाली होती. कोणाचा हात वर गेला नाही. अनुमोदकाअभावी पंधरावं कारण दप्तरी दाखल करण्यात आलं, आणि चिटणिसांनी घेतलेल्या परिश्रमांबद्दल त्यांचे टाळ्यांच्या गजरात आभार मानण्यात आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनिरुद्ध कामावरून थेट मैदानावर गेला. काखेत अकरा पानी अहवाल होता. ब्रॉनविन चेंडूत हवा भरत होती. त्याने अहवाल पुढे केला, मग मागे घेतला, आणि एकदम म्हणाला, "इट वॉज नॉट द सन. इट वॉज मी. मी तिला टोपी घाल म्हणून ओरडलो. शी टर्न्ड बिकॉज आय कॉल्ड."

ब्रॉनविनचा पंप थांबला. "टोपी?"

"हॅट. फॉर इअर्स. यू डिडन्ट हिअर?"

"मेट, तुमचा आवाज टिमारूपर्यंत गेला असेल," ती म्हणाली. अर्थात इंग्रजीत, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने. (टिमारू तिथून दीडशे किलोमीटरवर आहे.) "पण तुम्ही लोक काय ओरडता ते मला कुठे कळतं? मला वाटायचं, टॅक्टिक्स आहेत. तेवीस लोक एवढं जीव तोडून सांगतायत आणि ही पोरगी त्यातलं काहीच का करत नाही, तेच मला कळत नव्हतं."

ब्रॉनविनने वही काढली, एक ओळ खोडली, आणि म्हणाली की गोलमध्ये अनुयाच राहील. एक अट. समर्थकांनी कार पार्कजवळच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि तोंड उघडायचं ते फक्त चहासाठी.

सरावानंतर घरी जाताना अनुया गाडीत शेजारी बसली होती. ब्रॉनविनने तिला सांगितलं होतं.

"बाबा, यू डिडन्ट हॅव टू."

"मग तू सूर्याचं नाव का सांगितलंस?"

अनुयाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती नेहमी इंग्रजीत द्यायची. त्या दिवशी ती थोडी अडखळली आणि मराठीत म्हणाली, "सगळ्यांच्यासमोर कसं सांगणार, बाबा?"

अनिरुद्धने गाडी एका डेअरीसमोर थांबवली. दूध हवं आहे असं म्हणाला आणि उतरलाच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हाताशी कानटोपीशिवाय काही नव्हतं. समितीनेही त्याला वाचवलं होतं आणि अनुयानेही. पण समितीने त्यासाठी चौदा कारणं शोधली होती, आणि अनुयाने आपली जागा दिली होती.

टूर्नामेंट वीकमध्ये अनुया गोलमध्ये उभी राहिली. तेवीस मराठी समर्थक कार पार्कजवळ तोंडं मिटून उभे होते. आशालताताईंनी प्रत्येकाच्या तोंडात खजुराचा लाडू दिला होता आणि तो संपला की दुसरा. अनुयाने नऊ चेंडू अडवले. तरीही शेवटचा सामना संघ तीन-शून्य असा हरला. प्रतिपक्षाच्या मुली चांगल्या खेळल्या, एवढंच झालं. अनुया चिखलात लोळून हसत आली आणि ब्रॉनविनने तिला मिठी मारली. मंडळ मात्र हादरलं. कोणीही काहीही बोललेलं नसताना झालेला पराभव त्यांच्या अनुभवात पहिलाच होता, आणि त्याचं काय करायचं हे घटनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता राहिला प्रश्न जुलैच्या पराभवाचा. तो अजून कायम झालेला नाही. पंधराव्या कारणाला सूचक आहे, अनुमोदक नाही, आणि त्याशिवाय इतिवृत्त कायम होत नाही. मंडळाने त्यासाठी औदार्याने सभासदत्वाची अट काढून टाकली आहे. आपल्या मुलामुलीच्या खेळाच्या, परीक्षेच्या किंवा गाण्याच्या कडेला उभं राहून जो कधी काही ओरडला असेल, तो कोणीही अनुमोदन देऊ शकतो. प्रस्तुत कथेच्या वाचकालाही बंदी नाही.

तुमच्याबद्दल अर्थातच कोणी म्हणत नाही. तुम्ही ओरडला नव्हतात. तुम्ही फक्त तिच्या भल्यासाठी, अगदी हळू आवाजात, दोन शब्द समजावून सांगत होतात. छापील प्रश्नावलीत "गोल झाला तेव्हा आपण काय करत होतात?" या प्रश्नापुढे तेवीसच्या तेवीस जणांनी अक्षरशः हेच उत्तर लिहिलं आहे.